नव्वद सेंटिमीटर

आमच्या घरात कचरा नव्हता, सामान होतं. हा फरक मी माझ्या मुलीला पंधरा वर्षं समजावून सांगतोय, पण पालथ्या घड्यावर पाणी. कचरा म्हणजे जे कुणालाच नको असतं ते. आमच्या घरातली प्रत्येक वस्तू निदान एका माणसाला हवी होती, आणि तो माणूस त्याच घरात राहत होता.

मी पाणीपुरवठा खात्यात मीटर दुरुस्त करायचो. चौतीस वर्षं केलं ते काम. बंद पडलेली वस्तू आणि निकामी वस्तू यांत फरक असतो, हे ज्याने रोज आठ तास पाहिलंय त्याला 'फेकून द्या की' म्हणणं म्हणजे डॉक्टरला 'पुरून टाका की' म्हणण्यासारखं आहे. निवृत्त झाल्यावर मी ओळखीपाळखीच्या लोकांचे पंखे, रेडिओ, शिवणयंत्रं, भिंतीवरची घड्याळं घरी आणू लागलो. बरीचशी दुरुस्त झाली. उरलेली रांगेत होती. रांग पुढच्या दारापासून सुरू व्हायची, पॅसेजमधून जायची आणि बाथरूमच्या वळणाशी संपायची. तिथून पुढे बागेत दुसरी रांग होती.

माझ्या बायकोने 'फेका' असं कधी म्हटलं नाही. ती म्हणायची, 'हे हलवा इथून.' रोज म्हणायची, चहा झाला का विचारावं तितक्या सहज. कधीकधी मी हलवायचोही. इथून तिथे.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी ती बाथरूमच्या वळणावर पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाडात सळई बसली आणि हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आजी आता वॉकर घेऊन चालणार. फाटकापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत नव्वद सेंटिमीटर मोकळी वाट पाहिजे. शुक्रवारी चार वाजता त्या स्वतः येऊन मोजणार. वाट असली तर आजी सोमवारी घरी, नसली तर दुसरीकडे सोय बघा.

दुसरीकडची सोय मुलीने आधीच बघितली होती. तिचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट, रिकामी खोली, पडदेसुद्धा लावून झालेले.

"आई माझ्याकडे येईल," ती म्हणाली. "तुमच्या भंगारात ती एकदा पडली तेवढं पुरे झालं."

"किती दिवस?"

"बाबा, ती आता परत या घरात कशाला येईल?"

बेचाळीस वर्षं आम्ही एका छपराखाली काढली होती. त्यातली निम्मी भांडणात गेली असतील, पण भांडायलाही माणूस घरात लागतं. मला ती घरी हवी होती. पॅसेजमध्ये मोकळी वाट होती पंचेचाळीस सेंटिमीटर. अडला हरी, त्याप्रमाणे मी फोन उचलला आणि घरातला आणि बागेतला कचरा उचलून नेणाऱ्या बाईंना लावला.

"काय काय आहे?" त्यांनी विचारलं.

"सामान."

"घरातलं की बागेतलं?"

"दोन्हीकडचं."

"साधारण किती?"

"पाहण्यासारखं आहे," मी म्हणालो.

त्या शुक्रवारी सकाळी आठला ट्रक घेऊन आल्या. पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या, कोपरापर्यंत हातमोजे. बरोबर एक ड्रायव्हर आणि एक उंच माणूस, जो दिवसभरात काही बोलला नाही. दोघे त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणू लागलो, जरी मी त्यांच्यापेक्षा चोवीस वर्षांनी मोठा होतो.

ताईंनी फाटकातून आत येऊन बाग पाहिली, दारातून पॅसेज पाहिला आणि नाक मुरडलं नाही. एवढ्यावरच माझं त्यांच्याविषयी मत चांगलं झालं.

"आमची एक पद्धत आहे, काका," त्या म्हणाल्या. "प्रत्येक वस्तूला मालकाने स्वतःच्या तोंडाने 'जाऊ दे' म्हणायचं. तुम्ही म्हटलं की आम्ही उचलणार. नाही म्हटलं की हात लावणार नाही. मुलांचं, सुनांचं, जावयांचं आम्ही ऐकत नाही."

"का?" मुलीने विचारलं. ती तोंडाला मास्क लावून आली होती.

"मुलं टाका म्हणतात आणि आठवड्याने म्हातारी माणसं आमच्या दारात येऊन बसतात. आणि आणखी एक. 'जाऊ दे' म्हटल्यावर परत नाही. आमच्याकडे लाकूड त्याच दिवशी भुशाच्या यंत्रात जातं."

सुरुवात बागेपासून झाली. वेलांना आधार म्हणून ठेवलेल्या काठ्या, दोन वर्षांपूर्वी छाटलेल्या कुंपणाचा ढीग, तडे गेलेल्या एकवीस कुंड्या. मी प्रत्येक वेळी 'जाऊ दे' म्हणत होतो. पहिल्या दहा वेळा वस्तूला एकदा हात लावून मगच म्हणालो, पुढे सवय झाली. मुळांना लागलेली माती ताई झाडून घ्यायला लावत होत्या. फांद्या एकीकडे, लोखंड एकीकडे, रंगाचे जुने डबे मुळीच नाही, ते वेगळ्या ठिकाणी जातात म्हणाल्या. कामात शिस्त होती. माझ्या खात्यात ही बाई असती तर साहेब झाली असती आणि आम्ही सगळे तिच्यावर चिडून असतो.

मग बागेतली शेड आली.

शेडमध्ये एक वस्तू होती जी मला बघायची नव्हती. म्हणून मी दाराकडे पाठ केली आणि म्हणालो, "आतलं सगळं जाऊ दे."

"एकदा नजर टाका, काका. एकेक वस्तू सांगायची असते."

"सगळं लाकूड आहे. जाऊ दे, जाऊ दे, जाऊ दे. किती वेळा म्हणू?"

ताईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग उंच माणसाला खूण केली. बारा वाजता पहिला ट्रक भरून गेला, आणि मुलगी पहिल्यांदाच हसली.

"बघा, जमतंय की तुम्हाला," ती म्हणाली.

मला जमत होतं ते वेगळंच होतं.

पॅसेजचं काम ट्रक गेल्यावर सुरू झालं. ताईंनी खिडकी उघडली. ती उघडते हे मला आठवत नव्हतं. उजेड आत आला आणि पॅसेजमधलं सगळं पहिल्यांदा नीट दिसलं. धूळ होती. बोटाचं एक पेर बुडेल इतकी. मुलीने मास्कवर आणखी एक रुमाल बांधला.

ताई मात्र उचलायला पुढे झाल्या नाहीत. त्या वाकून बघत होत्या. रेडिओच्या लाकडी पेटीचा कोपरा पाहिला, मग शिवणयंत्राचं झाकण, मग मासिकांचा गठ्ठा, आणि सर्वांत शेवटी पत्र्याची ट्रंक. प्रत्येकाजवळ थांबत थांबत त्या बाथरूमच्या वळणापर्यंत गेल्या आणि तशाच परत आल्या.

"काका, इथे हात कोण ठेवतं?"

"कुठे?"

त्यांनी दाखवलं. रेडिओच्या पेटीवर सगळीकडे धूळ होती, पण भिंतीच्या विरुद्ध बाजूच्या कोपऱ्यावर तळहाताएवढी जागा स्वच्छ होती. नुसती स्वच्छ नव्हे, गुळगुळीत. पॉलिश उडून खालचं लाकूड दिसत होतं. शिवणयंत्राच्या झाकणावर तशीच जागा होती, ट्रंकेच्या कडेवरही. मासिकांच्या गठ्ठ्यात सर्वांत वरच्या अंकाचा कोपरा झिजून गोल झाला होता. अशा सहा जागा होत्या, सगळ्या पॅसेजच्या डाव्या हाताला. मी टेप काढून मोजल्या. जमिनीपासून ऐंशीच्या आसपास, दोन-तीन सेंटिमीटर इकडे तिकडे.

"आमच्या कामात हे दिसतं," ताई म्हणाल्या. "दिसत कमी असलं किंवा तोल जात असला की माणूस घरात असं चालतं. एक सोडायचं, पुढचं धरायचं. तोंडाने कुणाला सांगत नाही."

मी रोज त्या पॅसेजमधून जायचो. कुठल्या रेडिओचा कुठला व्हॉल्व्ह गेलाय ते मला पाठ होतं. माझी बायको माझ्या सामानाला धरून चालते हे मला माहीत नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

"आणि इथे काय होतं?" ताईंचा आवाज वळणावरून आला.

बाथरूमच्या वळणावर काहीच नव्हतं. फरशीवर धुळीत चार छोटे स्वच्छ गोल होते, चौकोनात. ट्रंकेपासून तिथपर्यंत अडीच पावलं, तिथून बाथरूमच्या दारापर्यंत दोन.

"इथे कायतरी उभं होतं," त्या म्हणाल्या. "सातवं. बरीच वर्षं."

मुलगी माझ्याकडे बघत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत शिकलो, पण चोराला त्या वेळी कसं वाटतं ते शाळेत शिकवत नाहीत. तीन आठवडे ही मुलगी माझ्या सामानाला शिव्या घालत होती आणि मी तो आळ सामानावर राहू दिला होता. सामान काही बोलत नाही, हा त्याचा मोठाच गुण.

"स्टूल होतं," मी म्हणालो. "वर्कशॉपमधलं माझं उंच स्टूल. एक पाय तारेने बांधलेला. अकरा वर्षं इथे होतं आणि अकरा वर्षं तुझी आई म्हणत होती, हे हलवा इथून. ती पडली त्याच्या आदल्या रात्री आमचं भांडण झालं. कशावरून ते आता आठवतही नाही. मी रागारागाने स्टूल उचललं आणि शेडमध्ये नेऊन टाकलं. तिला सांगितलं नाही. बेचाळीस वर्षांत एकदा रागाच्या भरात मी तिचं ऐकलं."

"म्हणजे?"

"ती सामानात अडकून पडली नाही. सामान तिथे नव्हतं म्हणून पडली. मी आवाज ऐकून धावलो तेव्हा तिचा डावा हात असा पुढे होता." मी हात करून दाखवला. "हवेत."

मुलगी ट्रंकेवर बसली, त्या धुळीत, स्वच्छ कपड्यांनिशी.

"आणि तीन आठवडे तुम्ही गप्प राहिलात."

"हो."

"मी तुम्हाला वाट्टेल ते बोलत होते."

"भंगाराला बोलत होतीस. म्हणून मला चालत होतं."

ताईंनी खिशातून फोन काढून ड्रायव्हरला लावला, दोन वाक्यं बोलल्या आणि फोन ठेवला.

"शेडमधलं लाकूड यंत्रातून गेलं, काका. अर्धा तास झाला."

"म्हणजे भुसा."

"भुसा," त्या म्हणाल्या. नियम आधीच सांगितला होता, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मग मुलीने तिथेच बसून आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, तुला डाव्या डोळ्याने नीट दिसतं ना?"

पलीकडे हॉस्पिटलातली कुठली तरी ट्रॉली गेली. "हे कुणी सांगितलं तुला?"

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं असतील. कडेचं दिसत नाही. त्यात काय एवढं, आपलं घर आपल्याला पाठ असतं."

"सांगायचं नाहीस?"

"तू मला लगेच तुझ्याकडे नेलं असतंस. आणि त्यांना सांगितलं असतं तर ते डोळा दुरुस्त करायला बसले असते."

उंच माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हसू दाबताना त्याचे खांदे हलत होते.

"आई, तू त्या दिवशी स्टूल धरायला गेलीस का?"

यावेळी ती ताबडतोब बोलली, उत्तर आधीपासून तयार असावं तशी. "कसलं स्टूल? पाय घसरला माझा. फरशी ओली होती. आणि हे बघ, बाबांना उगाच काही विचारत बसू नकोस. ते जेवतायत ना वेळेवर?"

फरशी ओली नव्हती. ते मला माहीत होतं आणि तिलाही. तीन आठवडे पलंगावर पडून तिने माझा आळ फरशीवर ढकलायचं उत्तर तयार ठेवलं होतं. मी बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडला. तोंड धुवायचं होतं असं समजा.

बाहेर आलो तेव्हा मुलगी आणि ताई टेप लावून पॅसेज मोजत होत्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकशे बावन्न. वाटेसाठी नव्वद सोडले की उरतात बासष्ट.

"बासष्टच्या आत बसतं ते भिंतीला लावून ठेवायचं," मुलगी म्हणाली. मास्क तिने काढून टाकला होता. "ती सहाच्या सहा जिथे आहेत तिथेच. बाकी सगळं जाऊ दे."

"तुमचं चालत नाही," ताई तिला म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या.

मी एकेका वस्तूला 'जाऊ दे' म्हणत गेलो. सतरा पंखे, नऊ घड्याळं, आठ रेडिओ. या वेळी सवयीने नाही, प्रत्येक वस्तूकडे बघून म्हणत होतो. भिंतीला शेवटी सहा वस्तू उरल्या. मुलीने त्या पुसल्या. गुळगुळीत जागा मात्र तिने पुसल्या नाहीत, तिथे पुसण्यासारखं काही नव्हतंच.

परत आलेला ट्रक पुन्हा भरून ताई साडेतीनला गेल्या. जाताना म्हणाल्या, "काका, पुन्हा सामान आणलंत तर फोन करा."

"आणणार नाही."

"सगळे असंच म्हणतात," असं म्हणून त्यांनी त्यांचं कार्ड रेडिओच्या पेटीवर ठेवलं.

फिजिओथेरपिस्ट बाई चारला दहा मिनिटं कमी असताना आल्या. त्यांनी पिशवीतून कापडी टेप काढली आणि ट्रंकेपाशी वाकून म्हणाल्या, "एकोणनव्वद. आजोबा, इथे एक सेंटिमीटर कमी पडतोय."

"टेप दाखवा," मी म्हणालो.

माझ्या पोलादी पट्टीला लावून पाहिली. कापडी टेप ताणून ताणून लांबलेली होती, मीटरमागे सव्वा सेंटिमीटर. लांबलेली टेप कमी दाखवते, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. खरं माप नव्वदच्या वर होतं. गेल्या काही वर्षांत किती घरं या टेपने नापास झाली असतील, हेही मी विचारलं. मुलीने माझा सदरा मागून ओढला. बाईंनी पोलादी पट्टीने पुन्हा मोजलं, कागदावर सही केली, आणि म्हणाल्या की वळणावर भिंतीला पकडायला दांडा लावून घ्या, डोळ्याचंही बघून घ्या, आजी वॉकरवरचा हात सोडता कामा नये. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मुलीने उभ्याउभ्याच घेतली. दांडा लावणाऱ्या माणसाला फोन केला तर तो दहा दिवसांनी येतो म्हणाला.

"तोपर्यंत माझ्याकडे राहू दे तिला," मुलगी म्हणाली. पण आता तिने ते विचारलं होतं, ठरवलं नव्हतं.

"दहा दिवसांचं मी बघतो," मी म्हणालो.

शनिवार, रविवार मी वळणावर उभं राहून सराव केला. ते चार गोल फरशीवर अजून दिसत होते. दोन पाय मागच्या दोन गोलांवर ठेवले, जरा वाकलं आणि उजवा हात कोपरात मुडपून पुढे धरला की मनगट जमिनीपासून बरोबर ऐंशी सेंटिमीटरवर येतं. पाठ दुखते, पण स्टुलाचाही एक पाय तारेने बांधलेलाच होता.

सोमवारी अकरा वाजता मुलगी तिला घेऊन आली. फाटकातून दारापर्यंत येताना बायकोने रिकामी बाग बघून घेतली. दारात थांबली. पॅसेजमध्ये उजेड होता आणि डाव्या भिंतीला सहा वस्तू ओळीने उभ्या होत्या. तिने त्या मोजल्या असाव्यात. मग वॉकर पुढे टेकवला आणि चालू लागली. मुलगी मागे होती. मी वळणावर जाऊन उभा राहिलो.

ती रेडिओच्या पेटीपाशी आली, शिवणयंत्रापाशी आली. हात वॉकरवरच होते, सांगितल्यासारखे. ट्रंकेपर्यंत सगळं व्यवस्थित झालं. ट्रंक मागे पडली, एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि मग तिचा डावा हात वॉकरवरून सुटला. तिने बघितलं नाही, विचार केला नाही, हात आपला पुढे आला, जिथे अकरा वर्षं यायचा तिथे. मागून मुलगी तिला धरायला पुढे सरकली.

हात माझ्या मनगटावर पडला आणि तिथेच राहिला. तिने मान वळवून पाहिलं, चांगल्या डोळ्याने.

"स्टूल कुठंय?" ती म्हणाली.

"जाऊ दिलं."

तिने माझ्या मनगटावर थोडा भार टाकून पाहिला, दुरुस्त होऊन आलेली वस्तू घरी नेण्यापूर्वी लोक बघतात तसा. मग आणखी थोडा टाकला.

"तुम्ही हलू नका इथून," ती म्हणाली.

मी हललो नाही.